अर्ध्या कागदाचा हिशेब

लीड्सच्या प्रार्थनामंदिरातील धर्मोपदेशकाचे काम सोडून लॉर्ड शेलबर्नच्या पदरी ग्रंथपाल म्हणून राहावे की नाही, असा पेच जोसेफ प्रीस्टलीस पडला, तेव्हा त्याने बेंजामिन फ्रँकलिनचा सल्ला मागितला. आणि १७७२ च्या सप्टेंबरात फ्रँकलिनने जे उत्तर रवाना केले, त्यात काय ठरवावे याविषयी अवाक्षर नसून कसे ठरवावे एवढेच होते. अर्ध्या कागदावर मधोमध रेघ ओढावी, अनुकूल-प्रतिकूल कारणे तीन-चार दिवस सुचतील तशी दोन्ही अंगांस टिपावी, तुल्यबल कारणे समोरासमोर खोडीत जावी, आणि शिल्लक निघेल तिकडे कौल द्यावा.

प्रीस्टलीने चाकरी पत्करली. सालिना अडीचशे पौंडांचा तनखा एकीकडे आणि मोठ्या घरचा मिंधेपणा दुसरीकडे, हे कोणालाही मांडता आले असते. परंतु १७७४ च्या ऑगस्टात शेलबर्नच्याच बोवुड येथील वाड्यात, पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर भिंगाने सूर्यकिरण एकवटून त्याने जो प्राणवायू मिळविला, ती जमा कोणत्या रकान्यात धरणार? पुढे उपयुक्ततावादी पंथाच्या बेंथॅमने सुखाच्या मोजणीत तीव्रता आणि कालावधी यांच्या पंक्तीस निश्चितताही बसविली, ती उगाच नव्हे.

कर्माचा निवाडा बाह्य फलावरून न करता कर्त्याच्या बुद्धीवरून करावा, हा टिळकांचा 'गीतारहस्या'तील या पंथावरचा आक्षेप, झालेल्या कर्माचा न्याय करणाऱ्यापुरता, मला सर्वस्वी मान्य वाटतो. मात्र ज्याला उद्या सकाळी राजीनामा द्यावयाचा की नाही हे ठरवावयाचे आहे, त्याचे केवळ शुद्ध बुद्धीने भागत नाही.

परिचयातील एका गृहस्थांनी, गावी एकट्या राहणाऱ्या वृद्ध वडिलांना शहरात आणावे की आपणच बदली मागून गावी जावे, याचा असाच कागद मला दाखविला. घरभाडे, मुलांची शाळा, दवाखान्याचे अंतर, हुकणारी बढती अशी सारी कलमे त्यात होती, 'लोक काय म्हणतील' हे तर (आपल्याकडील रिवाजास अनुसरून) दोन्ही रकान्यांत होते. वडिलांच्या मर्जीचे कलम तेवढे नव्हते. बेंथॅमच्या ज्या पंथात प्रत्येकाचे सुख एकच धरावयाचे, एकाहून अधिक नाही आणि कमीही नाही, त्या पंथाच्या हिशेबात असली गफलत चालत नाही, असे मी म्हणालो.

"त्यांना काय विचारायचं? तुम्ही ठरवाल तसं, असंच म्हणतील ते."

तरी त्यांनी रात्री गावी फोन लावला. वडिलांनी पहिली चौकशी केली ती, शहरातल्या घराला जिने किती चढावे लागतात, याची.