काठ राखा, जंगल राहील

बोरिवलीचं नॅशनल पार्क मधोमध कुणी तोडणार नाही. कायदा आहे, वनखातं आहे, न्यायालयाचे निकाल आहेत. सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या या जंगलाचा घास घेतला जातोय तो काठाकाठाने: येऊरला, मुलुंड-भांडुपच्या टेकड्यांवर, मालाडच्या अप्पापाड्याला, आरेत, घोडबंदरला. मुंबईकरांनो, ठाणेकरांनो, हे आवाहन त्या काठासाठी आहे, कारण त्याला लागून राहणारे आपणच आहोत.

काठ कसा कुरतडला जातो ते पाहायचं असेल तर उद्यानाला पाठ लावून उभ्या असलेल्या एखाद्या सोसायटीमागे जा. संरक्षक भिंतीला माणूस वाकून जाईल एवढं भगदाड असतं. त्याच्या तोंडाशी फुटक्या फरशा, प्लास्टरचा राडारोडा, वेफर्सची पाकिटं आणि कालच्या पार्टीचं खरकटं. खरकट्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. मग सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरतो आणि ‘पिंजरा लावा’ असा धोशा सुरू होतो. पिंजरा हा उपाय नाही. बिबट्या पकडून दुसरीकडे सोडला तर संघर्ष कमी होण्याऐवजी वाढतो, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या जुन्नर भागातल्या अभ्यासातून केव्हाच पुढे आलं आहे. २००४ साली उद्यानाच्या आसपास हल्ल्यांनी कळस गाठला होता. आज या पट्ट्यात पन्नासहून अधिक बिबटे असूनही ते दिवस मागे पडले, ते वनखातं, अभ्यासक आणि काठावरची माणसं एकत्र बसली म्हणून. कचरा वेळेवर उचला, भगदाड बुजवा, रात्री मुलांना एकटं बाहेर सोडू नका. एवढ्यावर बरंच काम होतं.

पण भिंत आपल्यासाठी; जनावराला वाट हवी. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीतून काढलेल्या एका बिबट्याला कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं होतं. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं ‘आजोबा’. हा आजोबा महामार्ग, रेल्वेचे रूळ, कारखान्यांचा पट्टा आणि शेवटी वसईची खाडी पार करून सुमारे १२० किलोमीटरवरच्या या उद्यानात पोचला. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो गेला. खाडी पोहून येणाऱ्या जनावराला आपण एक रस्ता धड ओलांडू दिला नाही. उद्यानाचा उत्तरेचा काठ घोडबंदर रस्त्याने कापला आहे. पलीकडे खाडी आणि तुंगारेश्वरचं जंगल. या वाटेवर प्राण्यांसाठी भुयारी मार्ग आणि पूल झालेच पाहिजेत. माणसांसाठी ठाणे-बोरिवली जुळे बोगदे, गोरेगाव-मुलुंड बोगदे डोंगराखालून जाणार आहेत. त्या खोदकामाचा वरच्या झऱ्यांवर काय परिणाम होतो, हे त्रयस्थ संस्थेने मोजावं आणि आकडे दर महिन्याला जाहीर करावेत. ही मागणी विकासविरोधी ठरवून कुणी झटकू नये.

पाण्याचं म्हणाल तर कान्हेरीला पहिल्या पावसानंतर जा. शंभराहून अधिक लेण्यांच्या माथ्यावर कातळात छिन्नीने कोरलेल्या बोटभर रुंदीच्या चरांतून पाणी ओघळत पोढ्यांत, म्हणजे कातळातल्या टाक्यांत उतरतं. हा डोंगर पाणी धरतो, हे त्या लेण्यांतल्या बौद्ध भिक्षूंनी ओळखलं होतं. पुढे इंग्रजांनी विहार आणि तुळशीचे तलाव बांधले तेही याच कुशीत. मुंबईच्या आजच्या तहानेत त्यांचा वाटा लहान आहे, पण मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा या चारही नद्या इथल्याच डोंगरांतून उतरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने काय केलं ते आपण पाहिलंय. माथ्यावरची झाडी गेली तर तोच पाऊस आणखी वेगाने आपल्या दारात येईल.

आणखी एक गोष्ट रोखठोक बोलायला हवी. काठाची सर्वांत जुनी राखण पाड्यांवरच्या वारली, कोकणा माणसांनी केली. ती वाघोबाला पुजतात आणि कारवीच्या कुडाच्या घरांत राहतात. अतिक्रमण हटवायचं ठरलं की नजर आधी त्यांच्या झोपडीवर जाते. येऊरच्या बंगल्यांवर आणि रात्रभर दिवे-गोंगाट चालवणाऱ्या टर्फवर उशिरा. हा अन्याय थांबवल्याशिवाय जंगल वाचवण्याची भाषा खोटी आहे.

आवाज उठवून उपयोग काय, असं विचाराल तर आरे आठवा. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात दोन हजारांवर झाडं पडली. ती परत आली नाहीत. पण त्याच आंदोलनाच्या रेट्याने आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन झाली. आता तोच आवाज कागदावर हवा. उद्यानाभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र डिसेंबर २०१६ मध्येच अधिसूचित झालं. त्याचा विभागीय आराखडा दोन वर्षांत व्हायचा होता, मसुदा लोकांपुढे यायला २०२५ उजाडलं. तो मसुदा वाचा. आपला सर्व्हे नंबर, आपला नाला, आपली टेकडी त्यात शोधा आणि पाड्यांवरच्या लोकांना बरोबर घेऊन वाचा. झाडावर डकवलेली तोडीची नोटीस दिसली की फोटो काढून थांबू नका. मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या, सुनावणीला हजर राहा. एकाची हरकत फायलीत जाते, पाचशेंची सभागृहात जाते.

आणि मतं मागायला कुणीही आला, तरी त्याच्याकडे तीन तारखा मागा: भिंत कधी पूर्ण होणार, घोडबंदरला प्राण्यांचा मार्ग कधी, आराखडा अंतिम कधी. तारखा लेखी मिळेपर्यंत त्याला दारातून हलू देऊ नका.