ग्रीक स्तंभ आणि आपले सभागृह

जळगाव-धुळ्याच्या नव्या वसाहतींत बंगला असो वा मंगल कार्यालय, दर्शनी भागी उंच गोल खांब आणि त्यांच्या माथ्यावर प्लॅस्टरची पाने हमखास दिसतात. इमारतीचा भार आतले आरसीसी कॉलम वाहतात. बाहेरचे खांब शोभेपुरते. आपल्या समाजाची सभागृहेही याच थाटाची असावीत, असा आग्रह अलीकडे कानी येतो. त्याविषयी आम्हांस काही म्हणावयाचे आहे.

ही घडण मूळची ग्रीक. तिच्या शैली तीन. डोरिक खांब जाडजूड, साध्या माथ्याचा, बैठकीवाचून उभा. आयोनिकच्या माथ्यावर शंखासारखी वेटोळी. कोरिंथियनच्या माथ्यावर अकँथस या वनस्पतीच्या पानांचा गुच्छ. इ.स.पू. ४४७ मध्ये बांधावयास घेतलेल्या अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचे छत डोरिक खांबांनीच पेलले. इंग्रजी अमदानीत १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबईच्या टाउन हॉललाही, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीलाही, डोरिक खांबच लाभले. त्या पायऱ्यांखाली उभे राहिले की राज्यसत्तेचा दरारा आजही जाणवतो.

म्हणून हे खांब परके ठरवून टाकावेत काय? आम्हांस तसे वाटत नाही. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा तेथील मुख्य ग्रंथालय आयोनिक स्तंभांमागेच होते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची दर्शनी रांगही आयोनिक, आणि तेथील वाचनालयात त्यांनी अखंड अध्ययन केले. त्या स्तंभांची थोरवी आतल्या ग्रंथांमुळे, आणि ग्रंथांचे दार त्यांना खुले होते म्हणून.

बौद्ध कलेलाही ग्रीक घडण अनोळखी नाही. गांधारच्या शिल्पकारांनी कोरिंथियन पानांच्या गुच्छात बुद्धमूर्ती कोरल्या. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभ धेनुकाकट येथील यवनांचे दान असल्याचे तेथील शिलालेख सांगतात. चाळीसगावजवळच्या पितळखोरा लेण्यात पैठणच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या दानाचा लेख स्तंभावर आहे. कोणी म्हणेल, लेण्यांतील खांब तरी कुठे भार वाहतात? छत तर डोंगरानेच धरले आहे. हे खरे; परंतु त्या खांबांमागे अनेकांचे दान उभे आहे, आणि ज्या सभागृहासाठी ते दिले तेथे संघ एकत्र बसत असे.

आमची कसोटी हीच. खांब ग्रीक की देशी, हा वाद गौण. त्याच्या आड काय आहे, हे आधी विचारावे. वर्गणीचा पैसा प्लॅस्टरच्या पानांत गेला आणि आत अभ्यासिकेला जागा उरली नाही, तर ते सभागृह आपले म्हणता येणार नाही. वसतिगृहातील मुलीला रात्री वाचावयास दिवा आणि टेबल मिळाले, तर बाहेर साधी वीटभिंत असली तरी चालेल.

धुळ्याजवळ लळिंगच्या डोंगरात लांडोर बंगला आहे. १९३७ मध्ये बाबासाहेब तेथे मुक्कामास होते. दरवर्षी ३१ जुलैला हजारो माणसे तो डोंगर चढतात. त्या वास्तूचे खांब कोणत्या शैलीचे, हे कोणी विचारीत नाही. पुढच्या इमारतीचा नकाशा समोर येईल तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी दर्शनी भागाआधी ग्रंथालयाची खोली कोठे आहे ते पाहावे, एवढेच आमचे सांगणे.