चिखलाला नावे ठेवू नका



पावसाळ्यात मुलाबाळांसह एका दिवसात जाऊन यावे असे ठिकाण म्हणजे औसा तालुक्यातील खरोसा. लातूरपासून सुमारे ४५ किलोमीटर. गावाजवळच्या टेकडीत साधारण सहाव्या शतकातील लेणी कोरलेली आहेत. एका लेण्यातील बसलेली मूर्ती बुद्धाची असल्याचे सांगतात.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही सगळे गेलो. सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या, पण काठी टेकत आल्याच. लेणी पाहून माथ्यावर चढलो आणि माझी चप्पलच चिखलात रुतून बसली. गवताखाली सगळीकडे पाणी! चार बाजूंना सोयाबीन-तुरीची हिरवी शेते दिसत होती. पण मी मात्र चिखलाला नावे ठेवीत होते.

सासूबाई म्हणाल्या, "पोरी, शिव्या नको देऊ. डोंगरानं पाणी धरून ठेवलंय म्हणून पाय रुततोय. ७२ साली आम्ही खडी फोडली, तेव्हा घोटभर पाण्याला कोस कोस हिंडलो."

मी गप्प झाले. खरेच आहे ते. ही टेकडी जांभ्या दगडाची. या दगडाला असंख्य छिद्रे असतात. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि खालच्या घट्ट थरापाशी अडून हळूहळू बाजूने पाझरते. शेजारच्या बिदरला बहमनी काळात हेच ओळखून जमिनीखालून पाण्याचे बोगदे खोदले होते. त्यांना करेझ म्हणतात.

आणि आपण? १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात आम्ही घागरी घेऊन रांगेत रात्री काढल्या आहेत. जो डोंगर पाणी धरतो, त्याचाच मुरूम उपसून आपण रस्त्यावर टाकला, तर पुढच्या रांगेत आपलीच लेकरे उभी राहतील.

तेव्हा जरूर जा. पायात घट्ट बूट घाला, म्हाताऱ्या माणसांना हात द्या, लेण्यांच्या भिंतींवर नावे कोरू नका. आणि पाय रुतला, तर लेकरांना तिथेच थांबवून सांगा, हा चिखल नाही, उन्हाळ्याची शिदोरी आहे.