मेंदूच्या आवरणांतील कर्करोग: हिशेब आठवड्यांचा

स्तनाच्या आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा अधिक काळ जगू लागले आहेत. या सुखद वस्तुस्थितीची एक काळी बाजूही आहे. औषधांनी शरीरातील गाठी आटोक्यात राहतात. परंतु काही पेशी मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या पातळ आवरणांत शिरतात आणि तेथील द्रवासोबत सर्वत्र पसरतात. रक्तातून दिलेली बहुतेक औषधे या द्रवात पुरेशी उतरत नाहीत. उपचार न झाल्यास हाती उरतात साधारण ४ ते ६ आठवडे.

‘आता करण्यासारखे काही नाही’ हा निर्वाळा अनेक वर्षे याच आकड्यावर उभा होता. तो आज जसाच्या तसा मान्य करता येणार नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत स्तन व फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ६३ रुग्ण होते. त्रास देणाऱ्या भागापुरते नेहमीचे रेडिएशन घेतलेल्यांचे मध्यक आयुष्य ६ महिने भरले. संपूर्ण मेंदू व कण्यावर प्रोटॉन किरण घेतलेल्यांचे ९.९ महिने. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतात, त्यामुळे कण्यापुढचे हृदय, आतडी बरीचशी वाचतात. चाचणी लहान होती आणि हा रोग बरा झाल्याचा दावा त्यात कुणी केलेला नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे. फुफ्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर जनुकातील बदल आढळल्यास ऑसिमर्टिनिबची गोळी या द्रवापर्यंत पोहोचते. काहींना डोक्याच्या त्वचेखाली बसवलेल्या लहानशा ओमाया कुपीतून थेट औषध देतात. ही कुपी १९६३ सालची, म्हणजे साधन जुनेच.

प्रोटॉन यंत्रणा आता टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील आवारात आहे. गोव्याहून हे अंतर पाचशे किलोमीटरहून अधिक. वरील चाचणीत किरणांच्या १० मात्रा होत्या. म्हणजे पूर्वतयारी सोडून दोन आठवडे परगावी मुक्काम. चालत्या-बोलत्या रुग्णाला हा प्रवास मोलाचा ठरू शकतो. अंथरुणाला खिळलेल्याला वेदनाशमन आणि घरची माणसे अधिक हवी असतात, आणि तसे स्पष्ट सांगणारा डॉक्टर भेटणे हे त्या कुटुंबाचे भाग्यच.

खरी अडचण मात्र यंत्राच्या कितीतरी अलीकडे सुरू होते. सकाळची डोकेदुखी, एकाची दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, पायांतील बळ जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे; कर्करोगाच्या रुग्णात ही लक्षणे अशक्तपणा किंवा मणक्याची झीज म्हणून सहज खपून जातात. कर्करोगाचा जुना इतिहास असलेला रुग्ण अशा तक्रारी घेऊन आला, तर गावच्या डॉक्टरांनी त्याला तातडीने गोमेकॉत पाठवून मेंदू व संपूर्ण कण्याचा एमआरआय करवून घ्यायला हवा. पाठीतून काढलेल्या पाण्याची पहिली तपासणी कित्येकदा चुकते. लक्षणे जुळत असतील, तर अहवाल निर्दोष आला तरी ते पाणी पुन्हा तपासावे लागते, आणि तेही त्याच आठवड्यात.