दगडावर आकडा आहे, नाव नाही!

सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाची एक दगडी पाटी आहे. चुन्याचे हात बसून अक्षरे बुजत चालली आहेत. बोट फिरवले की कळते : या गावातून १९१४ ते १९१९ च्या युद्धात इतके गेले, त्यांतले इतके मेले. बहुतेक पाट्यांवर आकडाच आहे. नाव एकाचेही नाही.

साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावाने ४६ जवान गमावले. ते कशापायी मेले?

२८ जून १९१४ ला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली, एवढे आपण शाळेत पाठ केले. ती ठिणगी होती. दारू आधीच साठली होती : वसाहतींची हाव, ब्रिटन आणि जर्मनीची युद्धनौकांची चढाओढ, एक लढला की बाकीच्यांना ओढणारे करार. ब्रिटिश आरमाराला कोळशाच्या जागी तेल हवे होते. म्हणून त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने इराणातल्या तेल कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले. नोव्हेंबरात हिंदी फौज इराणी आखाताच्या टोकाशी उतरली, ती त्या तेलाच्या राखणीलाही. ब्रिटनने युद्ध पुकारताच हिंदुस्थानही आपोआप युद्धात ओढला गेला होता. गावाला कोण विचारतो?

मग कूत. आजच्या इराकमधल्या या गावात फौज १४७ दिवस वेढ्यात अडकली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. घोडी कापून खायची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सेनापती टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून पायी हाकलले. त्यांतले हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले.

युद्धात हिंदुस्थानची ७४ हजारांवर माणसे गेली. बदल्यात काय मिळाले? जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत टिळकांनी स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना बोलू दिले नाही. त्याच महिन्यात मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा देशात शिरला आणि एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेला. मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला, एप्रिलात जालियनवाला बागेत गोळीबार झाला. तिकडे व्हर्सायच्या तहाने अशी सूडाची बीजे पेरली की वीस वर्षांत दुसरे महायुद्ध उभे राहिले.

आणि मेलेल्यांची नावे? इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या हिंदी शिपायांची पलटणीगणिक फक्त संख्या कोरली. हा भेदभाव झाल्याचे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये कबूल केले आणि ब्रिटिश सरकारने पार्लमेंटात माफी मागितली. शंभर वर्षांनी!

आता आपले काम आपण करू :

१. जुन्या घरांतली पदके, पेन्शनचे कागद, आजी-पणजीच्या आठवणी गोळा करा आणि पाटीखाली नावे कोरा.

२. ११ नोव्हेंबरला, युद्धबंदीच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता ही नावे ग्रामपंचायतीसमोर मोठ्याने वाचा.

३. युद्ध पेटवा म्हणणाऱ्याला तीन प्रश्न विचारा : जाणार कोणाचा मुलगा? मिळणार कोणाला? आणि हा निर्णय कोणाला विचारून घेतला?

ही उत्तरे मिळाल्याशिवाय कोणत्याही युद्धाच्या घोषणेला टाळी देऊ नका. आपल्या पणजोबांना हे प्रश्न विचारू दिले नव्हते. आपल्याला कोणी अडवलेले नाही.