व्यासपीठावरची फुलं कुणाची?

आपल्या कार्यक्रमांमधला एक प्रसंग आता इतका ठरून गेला आहे की तो दिसेनासाच झाला आहे. सूत्रसंचालन करणारी कार्यकर्ती पाहुण्यांचं नाव पुकारते आणि एक पुष्पगुच्छ पुढे होतो. वर खुळखुळणारा जिलेटिनचा कागद, चमचमती रिबन, आत चार जरबेरा, दोन डच गुलाब, मधूनमधून जिप्सोफिलाचा पांढरा भुसा. पाहुण्या तो घेतात, टेबलावर ठेवतात आणि जाताना बहुतेक वेळा तिथंच विसरून जातात. विषय हिंसाचाराचा असतो, रोजगार हमीचा असतो, पाण्याचा असतो. बॅनरवरच्या घोषणेच्या एकेका शब्दावर आपण तासभर भांडलेल्या असतो. गुच्छावर मात कुणी अवाक्षर काढत नाही. तो कोपऱ्यावरच्या दुकानदारानं ठरवलेला असतो.

आता फुलांवर काय लिहायचं, असं काहीजणी म्हणतील. हा संशय मला कळतो. बायकांच्या मासिकांमधून 'पुष्परचना' नावाचं एक सदर असायचं. चकल्यांच्या कृतीच्या शेजारी, 'ह्यांचे साहेब जेवायला येणार तेव्हा' या थाटाचं. घर सजवणारी बाई आणि स्वतःच घराची सजावट असलेली बाई, यांतलं अंतर त्यात फारसं उरत नसे. वर 'नाजूक फूल' म्हणून बाईलाच फुलदाणीत बसवायची सवय कवींना होतीच. हे सगळं आपण झिडकारलं ते योग्यच केलं. पण त्याबरोबर फुलांची निवडही सोडून दिली, आणि ती बाजारानं उचलली.

बाजारानं काय केलं? फुलाचा ऋतू काढून घेतला. जरबेरा, कार्नेशन, लांब दांड्याचा गुलाब बाराही महिने मिळतो, कारण तो प्लॅस्टिकच्या छताखाली, मोजून दिलेल्या खतापाण्यावर वाढतो. पुण्याजवळ तळेगावच्या परिसरात अशी हरितगृहं आहेत. फेब्रुवारीत तिथला गुलाब विमानानं परदेशीही जातो. पहाटे फुलं कापणं, दांड्याच्या लांबीप्रमाणे निवडणं, वीस-वीसच्या जुड्या बांधणं, या कामांवर मोठ्या प्रमाणात बाया असतात. केनियात नैवाशा सरोवराच्या काठी आणि कोलंबियात बोगोटाभोवतीही हेच चित्र आहे. युरोप-अमेरिकेतल्या प्रेमिकांचा गुलाब तिकडच्या बायाच कापतात. बंद छताखाली औषध फवारल्यावर किती वेळ आत पाऊल टाकायचं नाही याचे नियम असतात. ते पाळले जातात की नाही, हे आत राबणारीलाच ठाऊक. या बायांचा रोजगार तुटावा असं माझं म्हणणं नाही. त्यांच्या मजुरीचा आणि आरोग्याचा प्रश्न आपणच लावून धरायला हवा. पण तोच गुलाब त्यांच्या नावानं भरलेल्या मेळाव्यात सत्काराला द्यायचा, आणि त्या मात्र तिथं नसायच्या, हे मला खटकतं.

८ मार्चचं फूल कोणतं असावं, हा प्रश्न इटलीतल्या बायकांनी १९४६ साली घेतला होता. युद्ध संपून गेलं होतं आणि मुक्त झालेल्या देशातला तो पहिला ८ मार्च होता. डाव्या पक्षातल्या एका पुढाऱ्यानं व्हायोलेट सुचवलं होतं. फ्रान्समधल्या डाव्यांची तशी परंपरा होती. पण व्हायोलेट महाग, आणि मिळायलाही कठीण. तेरेसा मत्तेई ही फॅसिझमविरोधी लढ्यात उतरलेली तरुण कार्यकर्ती. पुढे त्याच वर्षी ती घटनासभेची सर्वांत लहान सभासद झाली. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी मिमोझा पुढे केला. पिवळ्या गोळ्यांचा, आपल्या बाभळीच्या फुलाचा दूरचा भाऊबंदच. मार्चच्या सुरुवातीला तो फुललेला असतो, माळरानावर मिळतो आणि गरिबातली गरीब बाईही त्याची फांदी आणू शकते, असा साधा हिशेब. आज तिकडेही मिमोझाचा धंदा झाला आहे, पण फूल निवडताना पहिला प्रश्न 'कुणाला परवडेल?' हा होता, एवढं लक्षात ठेवण्याजोगं आहे.

दुसरी गोष्ट इंग्लंडमधली, आणि ती मला जास्त गुंतागुंतीची वाटते. कॉन्स्टन्स स्प्राय, जन्म १८८६. पहिलं लग्न दुःखाचं, त्यातून मुलाला घेऊन ती बाहेर पडली. १९२१ पासून पूर्व लंडनमध्ये कारखान्यांत काम करणाऱ्या पोरींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. स्वयंपाक, शिवणाबरोबर त्या मुलींना ती फुलं मांडायलाही शिकवी. १९२९ साली तिनं फुलांचं दुकान काढलं. तोवर लंडनच्या श्रीमंत घरांत कार्नेशन आणि नेच्यांच्या पानांचे, तारेनं आवळलेले ताठ गुच्छ असत. हिनं कुंपणावरची रानफुलं आणली, कोबीच्या जातीची पानं आणली, वाळलेली बोंडं आणि भाज्यासुद्धा आणल्या. फुलदाणी नसेल तर रस्सा वाढायचं भांडं घ्या, भाजायचा पत्रा घ्या, म्हणाली. देठ ज्या बाजूला झुकतो त्या बाजूला झुकू द्यायचा. कळी, उमललेलं आणि उतरणीला लागलेलं फूल एकत्र राहू द्यायचं. आधाराला भांड्यात जाळीच्या तारेचा बोळा. आज 'नैसर्गिक शैली' म्हणून जे मिरवलं जातं त्याचा मोठा भाग इथून आलेला आहे.

गुंतागुंत अशी, की तिची गिऱ्हाइकं म्हणजे उमराव आणि राजघराणं. १९३४ मध्ये दुकान मेफेअरसारख्या बड्या वस्तीत गेलं. १९५३ च्या राज्याभिषेकाची सजावटही तिच्याकडे होती. कुंपणावरचं तण दिवाणखान्यात गेलं आणि महागलं. आपल्याकडेही हे घडतंच आहे. पंचतारांकित लग्नात मातीच्या मडक्यात गवताचे तुरे लावायचे पैसे ऐकून डोळे पांढरे होतील. म्हणजे रानफूल आणलं की आपोआप समता येते अशी समजूत नको.

तरीही तिच्या मृत्यूनंतर चव्वेचाळीस वर्षांनी जे घडलं ते आपल्या ओळखीचं आहे. २००४ साली लंडनच्या डिझाइन म्युझियमनं तिच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. संचालक अ‍ॅलिस रॉस्थॉर्न. तेव्हाचे अध्यक्ष जेम्स डायसन, व्हॅक्यूम क्लीनर बनवणारे, यांनी राजीनामा दिला. म्युझियम यंत्रांचं, गंभीर प्रश्न सोडवणारं डिझाइन सोडून शोभेच्या मागे लागलंय, अशी त्यांची तक्रार. संस्थापक टेरेन्स कॉनरनही नाराज होते. केर ओढणारं यंत्र बनवलं तर ते डिझाइन. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या केर काढला त्याच हातांनी देठाचं वजन, पाण्याची खोली आणि पानाची दिशा जमवली, तर ती हौस! हा न्याय आपण गोधडीला, रांगोळीला, पाटावरच्या शेवयांना लागलेला पाहिलाच आहे.

आणि फुलांचं काम आपल्याकडे तर सरळ श्रमाचं काम आहे. 'फुले' हे आडनावच मुळी पेशव्यांच्या पुण्यात फुलं पुरवण्याच्या धंद्यावरून आलेलं. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या 'काव्यफुले' मध्ये पिवळ्या चाफ्यावर, जाईवर कविता आहेत. ही माळ्याच्या घरची ओळख आहे, फुलदाणीची नाही. आज पहाटे दादरच्या बाजारातून सुट्या कळ्या आणून लोकलमध्ये बसल्या बसल्या गजरे ओवणारी बाई, घरी नगावर हार करून देणारी बाई, या कामगार आहेत. घरकामगारांसाठी, म्हणजे घरी बसून माल करून देणाऱ्यांसाठी, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही. दीड वीत गजऱ्यात किती गाठी, याचा दर ठरवताना तिला कुणी विचारत नाही.

फुलाचा आणखी एक काटा आहे तो आपल्या सभागृहातच असतो. नवरा गेलेल्या बाईच्या केसांतलं फूल समाजानं काढून घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनं इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. चांगलंच झालं. पण आपल्या मेळाव्याच्या दारात गजरे वाटायला एखादी मुलगी उभी असते, तेव्हा मोकळ्या कपाळासमोर तिचा हात क्षणभर अडखळतो. मुलगी वाईट नसते, हातालाच सवय असते. म्हणून दारात वाटणारी ठेवूच नये. सुटी फुलं भरून टोपली ठेवावी. जिला हवं ती घेईल, केसांत माळेल, पर्समध्ये टाकेल, नको असेल ती पुढे जाईल.

आता व्यासपीठाचं. बाग हवी असं कुणी म्हणेल. वस्तीतल्या बायकांनी तेलाच्या डब्यात, फुटक्या बादलीत सदाफुली, अबोली, गुलबक्षी जगवली आहे. ८ मार्चला पळस संपत आलेला असतो, पांगारा असतो, मोगऱ्याला सुरुवात झालेली असते, बोगनवेल तर कुठंही असते. त्या दिवसांत कडुनिंबाची कोवळी तांबूस पालवीही एकटी पुरते. पळसाच्या फांद्या मात्र ओरबाडू नयेत, खाली पडलेली फुलं परातीत पाण्यावर ठेवली तरी भागतं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला शेवंती आणि झेंडू भरपूर. पावसाळ्यात शिबिर असेल तर तेरडा, सोनटक्का. भांडं म्हणून तांब्या, कळशी, बरणी. दुकानदार देठ खोचायला जो हिरवा स्पंज वापरतात ते प्लॅस्टिकच आहे, चुरा होऊन मातीत पाण्यात जातं. इंग्लंडच्या बागायती संस्थेनं, आरएचएसनं, आपल्या प्रदर्शनांत २०२१ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याला केळीच्या खुंटाचा तुकडा किंवा ओली वाळू पुरे. मांडणी संस्थेतल्या 'ज्यांना हौस आहे' त्याच दोघींवर दरवेळी पडू देऊ नका. पुरुष कार्यकर्त्यांनाही देठ कापता येतात.

राहिला पावतीचा प्रश्न. आपल्या संस्थांचे हिशेब तपासले जातात. दुकानदार छापील बिल देतो आणि फुटपाथवरची फुलवाली देत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी गुच्छ दुकानातून येतो. खजिनदारबाईंना सांगून कोऱ्या व्हाउचरांचं एक पुस्तक करून घ्या. त्यावर फुलवालीची सही किंवा अंगठा, रक्कम आणि तारीख, एवढं बहुतेक हिशेबनिसांना चालतं. आगाऊ पैसे आदल्या दिवशी द्या, कारण ती पहाटे रोखीनं माल उचलते. आणि 'आम्हाला अमुकच फूल आण' असं न सांगता, उद्या बाजारात काय येणार आहे ते तिलाच विचारा.