वळिवड्याचा दाखला

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात घाऊक कापड खरेदीसाठी जाणाऱ्या आपल्या भागातील माणसाला, आपण कोणत्या भूमीवर उभे आहोत याची जाणीव क्वचितच असते. आज जेथे सिंधी व्यापाऱ्यांच्या दुकानांच्या रांगा आहेत, त्या वळिवड्याच्या माळावर १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यात स्त्रिया व मुले यांचाच भरणा अधिक होता. कोडोलीतील आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी या गोऱ्या निर्वासितांच्या गोष्टी सांगत, तेव्हा ती आम्हांला केवळ एक नवलकथा वाटे. आश्रय मागणाऱ्याला तिसऱ्याच देशात पाठविणे कायदेशीर आहे काय, हा प्रश्न आज लंडनपासून वॉशिंग्टनपर्यंत गाजत असताना मात्र त्या गोष्टीचा खरा अर्थ ध्यानात येतो.

हे लोक येथे आले कसे? सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड व्यापला आणि पुढील दोन वर्षांत तेथील लाखो नागरिकांना सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. समाजवादाचे नाव घेणाऱ्या राजवटीने केलेले हे कृत्य झाकून ठेवण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर, जुलै १९४१ च्या करारानुसार त्यांची सुटका झाली. १९४२ मध्ये त्यांतील अनेक जण इराणात पोहोचले आणि तेथून त्यांची पांगापांग पूर्व आफ्रिका, भारत, मेक्सिको व न्यूझीलंड अशी झाली. म्हणजे वळिवडे हा त्यांच्या दृष्टीने तिसराच देश होता. निर्णय ब्रिटिश सरकारचा होता. पोलिशांना कोणी पसंती विचारली नव्हती आणि करवीरच्या रयतेलाही विचारले नव्हते.

तरीही त्या स्थलांतराला कोणी अन्याय म्हणत नाही. येथे त्यांना घरे मिळाली, मुलांना त्यांच्या भाषेतील शाळा मिळाल्या, प्रार्थनेला चर्च मिळाले. खरी कसोटी पुढेच लागली. १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातील नव्या सरकारला दिली. या लोकांना बोटीत घालून परत पाठविणे आता सर्वांत सोयीचे होते. परंतु १२ फेब्रुवारी १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला, की परत जाण्यास सबळ हरकत असलेल्या निर्वासितावर सक्ती करू नये. वळिवड्याचे काही जण स्वखुशीने पोलंडला गेले. इतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथे गेले.

हेच तत्त्व १९५१ च्या निर्वासितविषयक कराराच्या ३३ व्या कलमात आले. जेथे जीविताला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे निर्वासिताला ढकलता येणार नाही, थेटही नाही आणि दुसऱ्याच्या हातूनही नाही. तिसऱ्या देशात पाठविण्यावर हा करार सरसकट बंदी घालत नाही, हे आपणही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. प्रश्न एवढाच, की तो देश खरोखर सुरक्षित आहे काय, तेथे अर्जाची न्याय्य सुनावणी होईल काय आणि तेथून पुढे त्याला पुन्हा संकटाच्या तोंडी दिले जाणार नाही काय?

ब्रिटनची रवांडा योजना नेमकी याच प्रश्नांवर कोसळली. एप्रिल २०२२ मध्ये करार झाला. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी योजना एकमताने बेकायदा ठरविली. रवांडातील निर्णयपद्धती इतकी सदोष आहे, की खरा निर्वासितही मायदेशी परत ढकलला जाण्याचा वास्तव धोका आहे, असे न्यायालय म्हणाले. यावर सरकारने काय करावे? एप्रिल २०२४ मध्ये त्याने रवांडा सुरक्षित आहे असा कायदाच करून टाकला! संसदेने कायदा केला म्हणून पंचगंगा उलटी वाहू लागत नाही. पुढे सत्तांतर झाले व योजना गुंडाळली गेली. जुलै २०२४ मध्ये नव्या गृहमंत्र्यांनी हिशेब मांडला: खर्च सुमारे ७० कोटी पौंड आणि रवांडात गेले ते स्वखुशीने गेलेले अवघे चार जण.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील व्यवहार ओळखू येतो. श्रीमंत देश आपली नैतिक जबाबदारी गरीब देशाला पैसे मोजून विकत घ्यायला लावतो. जगातील सत्तर टक्क्यांहून अधिक निर्वासित आजही अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतच आहेत. उरलेला भारही त्यांच्याच माथी मारण्याचा हा उद्योग आहे. ऑस्ट्रेलियाने २००१ पासून नाउरू व मानुस बेटांवर तो केला. मानुसची कोंडणूक पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बेकायदा ठरविली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने सुमारे तीनशे परदेशीयांना पनामात नेऊन टाकले. त्यांत भारतीयही होते. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा आहे असे समजण्याचे कारण नाही.

आणि आपल्या घरात काय आहे? भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. राज्यघटनेचे २१ वे कलम नागरिकालाच नव्हे तर प्रत्येक व्यक्तीला संरक्षण देते, आणि त्याच आधारावर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलातील चकमांना अभय दिले. परंतु एप्रिल २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने जम्मूतील रोहिंग्यांची पाठवणी रोखण्यास नकार दिला. विहित कार्यपद्धतीविना ती करू नये, एवढेच बजावले. सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या परदेशीयांविषयीच्या नव्या कायद्यातही ‘निर्वासित’ असा स्वतंत्र वर्ग नाही. श्रीलंकेच्या तमिळांना एक सवलत, तिबेटींना दुसरी, तीन शेजारी देशांतील बिगर-मुस्लिमांना तिसरी. रोहिंग्यांना कोणतीच नाही. ज्याला हक्क नसून केवळ मेहेरबानी आहे, त्याची मेहेरबानी कधीही काढून घेता येते.

गरीब देशाने हा भार का घ्यावा, असे विचारणारे साथी आपल्यातही आहेत. त्यांना सांगावे, की फाळणीनंतर वळिवड्याच्या त्याच छावणीत सिंधमधून आलेली उद्ध्वस्त कुटुंबे राहिली आणि त्यांच्या कष्टांतूनच गांधीनगरची बाजारपेठ उभी राहिली. निर्वासित म्हणजे केवळ खाणारे तोंड नव्हे, राबणारे दोन हातही असतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला पुष्पांजली वाहिली. त्याबद्दल आम्हांला आनंदच आहे. पण ज्या आश्रयाचे ते स्मारक आहे तो आश्रय आज भारतात कायद्याने मागता येत नाही. न्या. भगवती यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये निर्वासित कायद्याचा नमुना मसुदा तयार झाला होता. तो आजतागायत मसुदाच राहिला आहे. धर्म न विचारता सुनावणीचा हक्क देणारा आणि संकटाच्या तोंडी कोणालाही न ढकलण्याची हमी देणारा कायदा झाला पाहिजे. ही मागणी पक्षाने संसदेत न्यावी आणि कार्यकर्त्यांनी गावोगावच्या सभांत मांडावी. करवीरच्या कार्यकर्त्याला तर त्यासाठी दूरचा दाखला शोधण्याचीही गरज नाही.